दोन घोट कमी

शनिवारी रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही पाचजण जमतो. वाजवायला म्हणून जमतो,
पण निम्मा वेळ सांगण्यातच जातो,
कुणाचं कुठे काय फसलं ते.

टोकेकर क्लॅरिनेट पुसत सांगतात,
मालवा मिलकडच्या एका वरातीत
त्यांची पत्ती ऐनवेळी चिरली
आणि वाद्यातून बदक ओरडलं.
घोडी बिथरली. नवरदेव तेवढा हसला.
"त्या दिवशी तो एकटाच ऐकत होता," म्हणतात.

दिघ्यांच्या पेटीचा निषाद
शोकसभेत अडकून बसला, बरोबर दोन मिनिटांच्या शांततेत.
भात्यात उरलेल्या हवेवर
रडत राहिला बिचारा.
लोकांना वाटलं, ठरवूनच केलंय.

शाकिर सियागंजात नळाच्या तोट्या विकतो.
तो फार बोलत नाही.
"भिया, सम चुकली की मी पाणी पितो.
पब्लिक समजते, तहान लागली."

पाण्याचं नाव निघालं
की सगळे माझ्याकडे बघतात.

माझं जलतरंग. चिनीमातीचे वाडगे
तीन सेट मोडून जमवलेले,
एक तर हॉटेलातला सूपचा, मागून आणलेला.
आणि आमच्याकडे नर्मदा येते एक दिवस आड,
म्हणून सूर लावायचे तेही जपून;
वाजवून झालं की मंद्र सप्तक कोथिंबिरीला,
बाकीचं कूलरमध्ये.

पतपेढीची वार्षिक सभा होती.
लाभांश आणि जेवण यांच्यामधली वीस मिनिटं आमची.
भूप जाहीर झाला.
भूपापुरते पंधरा वाडगे मांडलेले.
मी मधल्या गंधारावर काडी टाकली
आणि मध्यम वाजला.

खाली पाहिलं. दोन घोट कमी.
पुढे सतरंजीवर तीनेक वर्षांचा मुलगा,
ओली हनुवटी, शर्टावर ओघळ,
माझ्याकडे असा बघत होता
जसं काही मीच त्याच्या पेल्यात काडी घातली.

तांब्या लांब. माइक चालू. अध्यक्ष डुलायला लागलेले.
भूपातला गंधार काढा, तिथे मध्यम ठेवा,
उरतो तो दुर्गा.
हे मला वहीत केव्हाचं माहीत होतं.

मृदुला खेर शाळेत गणित शिकवते.
तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
व्हायोलिनवर तिचं एक बोट
अर्ध्या स्वराने पुढे सरकलं, बस.
शाकिरने ठेका जरा दाबून धरला.
दिघे दोन आवर्तनं भूपातच राहिले,
मग हात मांडीवर घेऊन
पाहुण्यासारखे बसले.

वरचा गंधार, खालचा गंधार शाबूत होते.
त्यांच्याकडे मी गेलेच नाही,
शेजारणीशी बोलणं टाकावं तशी
त्यांच्या दारावरून जात राहिले.

खूप चांगलं वाजलं का? माहीत नाही.
हात मात्र थरथरायचे थांबले होते,
आणि वीस वर्षांत पहिल्यांदा
पुढचा सूर कुठला, हे मला वाजवेपर्यंत कळत नव्हतं.

नंतर एक वृद्ध सभासद म्हणाले, "भूप अगदी शुद्ध."
मुलाची आई घाईघाईने आली.
मला वाटलं, माफी मागेल.
तिने विचारलं, "पाणी उकळलेलं होतं ना?"

स्कूटरवर वाडग्यांची पेटी मध्ये धरून
मृदुला जवाहर मार्गापर्यंत गप्प होती.
सिग्नलला म्हणाली, "धैवत प्यायला असता तर?"
दोन हिरवे दिवे गेले,
मागचे हॉर्न वाजवून थकले,
आम्ही तिथेच.

टोकेकर विचारतात, आज काय घ्यायचं?
दिघे म्हणतात, भूप. दरवेळी भूपच म्हणतात.
मी तांब्या कलता करते,
गंधार भरते,
आणि दाराकडे एकदा
उगाच बघून घेते.